शिराझ आणि उडदाची आमटी

पाहुणा जेवायला आला की त्याच्या डोळ्यांतून पाणी काढल्याशिवाय सोडायचं नाही, ही आपल्याकडची रीत. संतोषभाऊंनी वाइनरी काढली, पण रीत काही सोडली नाही. पुण्याच्या बड्या हॉटेलातल्या मुख्य शेफ सुवर्णाताई मेन्यूसाठी रेड वाइन निवडायला येणार म्हटल्यावर त्यांनी काळ्या मसाल्याचं मटण करायला लावलं, वर बोटभर तर्री.

 इथली वाइन बनवायची पल्लवी, आणि आजची शिराझ, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाची रेड वाइन, तिच्या वडिलांच्या, आबांच्या, पेठ रोडवरच्या उतारावरची. तिच्याच हट्टापायी त्यांनी तिथलं नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीक मोडून वेली लावल्या होत्या. बारीक, जाड सालीची, बियांनी भरलेली द्राक्षं. अख्खा गाव हसला, आबा वेली बांधत राहिले. आता भाऊंनी सांगूनच टाकलं होतं, की सुवर्णाताई नाही म्हणाल्या तर ही शिराझ स्वस्तातल्या मिश्रणाच्या टाकीत, आणि पुढच्या वर्षी आबांची द्राक्षं बंद. टाकीला पाइप जोडूनही ठेवला होता.

"नाय जमलं तर नाय," आबा फोनवर म्हणाले होते. "सोमाचा जेसीबी सोमवारी सांगून ठेवलाय. वेली काढून टाकू." हे ते इतक्या शांतपणे म्हणाले, की तिला रडू आलं.

सुवर्णाताईंनी आधी कॅबरने आणि झिनफांडेल या दोन रेड वाइन नुसत्याच चाखल्या. ठीक म्हणाल्या. शिराझच्या वेळी भाऊंनी आग्रहानं मटण पुढे केलं. ताईंनी घास खाल्ला, घोट घेतला आणि पेला बाजूला सारून पाणी मागितलं.

"जाळते हो ही. नुसती कडू आणि जळजळीत."

भाऊंनी पल्लवीकडे पाहिलं. पल्लवीनं बाटलीला हात लावला. निवलेल्या चहासारखी कोमट! तिला स्वतःचाच राग आला. तिखटावर रेड वाइनचा तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही भडकतात, हे तिला चांगलं ठाऊक होतं. भाऊंच्या मटणापुढे बोलायचं कसं, म्हणून गप्प बसली, झक मारली.

"ताई, जरा थांबा," ती म्हणाली आणि बाटली बर्फाच्या बादलीत बुडवली.

"अगं, रेड वाइन गार करतात का कुठं?" भाऊ पुटपुटले. "खोलीच्या तापमानाला द्यायची, तूच सांगितलंस ना?"

"ती खोली थंड देशातली, भाऊ. आपल्या खोलीत मे महिना आहे."

बाटली गार होईपर्यंत तिनं स्वतःचा जेवणाचा डबा आणला. आईच्या, भागीबाईंच्या हातची नागलीची भाकरी, आणि भाजलेल्या काळ्या उडदाची घट्ट आमटी. लसूण, ठेचलेलं मिरं, मिरचीचं नावसुद्धा नाही.

"डबा देतेस पाहुण्यांना?" भाऊंचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"आईनं दिलाय, अजून उघडलाही नव्हता," पल्लवी म्हणाली आणि थंडगार शिराझ ओतली.

सुवर्णाताईंनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून खाल्ला. घोट घेतला.  पुन्हा तुकडा, पुन्हा घोट. मग त्यांनी पेला नाकाशी नेला.

"हे मिरं आमटीतलं, की वाइनमधलं?"

"दोन्हीतलं, ताई. शिराझचा तो स्वभावच आहे. आमच्या उतारावर जरा जास्तच."

ताई हसल्या आणि त्यांनी डबा पुसून खाल्ला. पल्लवीला त्या दिवशी उपाशी राहायला लागलं, पण इतक्या सुखानं उपाशी ती जन्मात राहिली नव्हती.

"ही सगळी मला हवी," ताई म्हणाल्या. "पुढच्या वर्षीचीसुद्धा. आणि आईंना आमटी शिकवायला पुण्याला घेऊन या."

"मी म्हणतच होतो," भाऊ म्हणाले. काय म्हणत होते, ते कुणी विचारलं नाही.

पल्लवी तडक टाकीपाशी गेली. जोडलेला पाइप तिनं स्वतःच्या हातानं काढला, गुंडाळून कोपऱ्यात टाकला, आणि आबांना फोन लावला.

"आबा, घेतली. सगळी घेतली. पुढच्या वर्षीचीपण."

पलीकडून वारा ऐकू येत होता. आबा वेलींतच उभे असणार.

"बरं, फोन ठेव," ते घाईनं म्हणाले. "सोमाला सांगतो, सोमवारी येऊ नको."