पावणेसातची घंटा

लूर्डस टीचरांची चूक झाली असं कुणी तोंडावर म्हणालं असतं, तर त्यांना बरं वाटलं असतं. कुणीच म्हणालं नाही, हीच तर पंचाईत झाली.

नायगावच्या खाडीकाठी त्यांची शाळा. शाळेतली एकेचाळीस मुलं पलीकडच्या बेटावरच्या गावातून होडीने यायची. होडी आलोशियसची, तीस वर्षं त्याचीच. एरवी पंधरा मिनिटांचा रस्ता, पण जानेवारीत खाडीवर धुकं बसलं की समोरचा काठ म्हणजे नुसती ऐकीव गोष्ट व्हायची. मागल्या हिवाळ्यात अशाच एका सकाळी होडी रेतीच्या बोटीला घासली आणि सगळ्या आया शाळेत येऊन बसल्या. तेव्हा टीचरांनी नियम केला. धुकं असेल तर सातची शाळा नऊला, आणि निरोप सहाच्या आत पालकांच्या ग्रुपवर. हेडमिस्ट्रेस झाल्यावर माणसाला सही करता येते, पण साडेपाच वाजता खिडकीत उभं राहून आभाळाशी हुज्जत घालावी लागते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

त्या मंगळवारी वसईच्या घराच्या खिडकीतून त्यांना समोरचा नारळही दिसेना. सवयीप्रमाणे त्यांनी आलोशियसला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. नाही लागला. गाव केवढंसं, एका घरात शिंकलं तर दुसऱ्या घरात ऐकू जातं. कुणीतरी सांगेलच, असं म्हणून त्यांनी ग्रुपवर निरोप टाकला. भराभर ‘ओके टीचर’ येऊ लागले. किती आले, ते त्यांनी मोजलं नाही.

मग शिपाई हरिभाऊंचा फोन आला.

“टीचर, पावणेसातची घंटा देऊ ना?”

“शाळा नऊला आहे हरिभाऊ. आता घंटा कशाला? समोरच्या टॉवरवाल्यांनी दोनदा तक्रार केलीय. झोपू द्या त्यांना.”

“तीस वर्षांत कधी चुकली नाय, म्हनून इचारलं. बरं,” हरिभाऊ म्हणाले.

टीचरांनी निवांत चहा घेतला. वेळेवर निर्णय घेतल्याचं समाधान चहात साखरेसारखं उतरतं, तसं ते उतरलं.

एकेचाळिसावा निरोप मात्र कुवेतला गेला होता. आलोशियसचा मुलगा फेबियन आणि सून तिकडे नोकरीला. त्यांची मुलगी जुलियाना इथे आजा-आजीपाशी राहून सातवीत शिकत होती. ग्रुपवर नंबर आईबापांचे, आणि कुवेतमध्ये तेव्हा पहाटेचे साडेतीनही वाजले नव्हते. आलोशियसचा फोन चार्जिंग संपून खिशात मेलेला, आणि निरोप नाही म्हणजे शाळा वेळेवर, असं त्याने धरलं. धक्क्यावर बाकी पोरं दिसेनात, तेव्हा थंडीने उठली नसतील, दुसऱ्या खेपेला आणू, असं तो म्हणाला. जुलियानाची त्या दिवशी प्रार्थना सांगायची पाळी होती. तिला उशीर करून चालणार नव्हतं.

आठ वाजता धुकं जरा विरळ झालं, तेव्हा जुन्या रेल्वेपुलाच्या खांबाच्या चौथऱ्यावर शाळेचा गणवेश घातलेली एक मुलगी थरथरत बसलेली रेल्वेच्या माणसांना दिसली. होडी पालथी झाली होती. आलोशियस दुसऱ्या दिवशी ओहोटीला सापडला.

पुढल्या आठवड्यात शाळेत सभा झाली. शिक्षण खात्याचे एक साहेब आले. मॅडमनी वेळेवर निर्णय घेतला म्हणून चाळीस मुलं वाचली, असं ते म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. टीचरांना शाल-श्रीफळ मिळालं. हरिभाऊ मागे खुर्च्या मांडत होते. त्यांनी मान वर केली नाही. हे काय चाललंय, ते टीचरांना कळेना. म्हणजे कळत होतं, पण स्वतःशी कबूल करायला जीभ रेटेना.

आलोशियसच्या महिन्याची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, झाल्यावर जुलियाना शाळेत आली. मधल्या सुट्टीत ती आपणहून ऑफिसच्या दारात उभी राहिली.

“टीचर, आम्ही जवळच आलेलो. आजाने मशीन बंद केलं.”

“का गं?”

“घंटा ऐकायला. धुक्यात तो नेहमीच बंद करायचा. घंटा झाली की त्या बाजूला होडी वळवायचा. मी म्हटलं, आजा, पाणी ओढतंय. तो म्हनला, थांब, होईल, आता होईल.” ती जरा थांबली. “मग पूल आला. त्याने मला वर ढकललं.”

टीचरांनी तिला जवळ घेतलं. रडायचं होतं तिने, रडल्या त्या.

संध्याकाळी त्या बेटावर गेल्या. आलोशियसची बायको ज्युली पडवीत बोंबील निवडत बसली होती. टीचरांनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. “घंटा मी थांबवली, ज्युलीबाय. हरिभाऊ देत होते. मी नको म्हटलं.”

ज्युलीने हातातला बोंबील खाली ठेवला.

“तुमी मुद्दाम नाय केलं, टीचर. देवाला म्हाईत हाय,” ती म्हणाली. तिने पदराला हात पुसले. “पन तो आयकत बसला आसंल ना.”

त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. परतीच्या होडीत टीचर पदर तोंडाशी धरून बसल्या.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा धुकं पडलं. टीचरांनी निरोप टाकला, आज शाळा बंद. आता ज्युलीचा नंबरही ग्रुपवर होता. एकेचाळीस उत्तरं त्यांनी बोट ठेवून मोजली. नव्या होडीवाल्याशी बोलल्या. होडी बांधलेलीच होती. मग रिक्षा करून त्या नायगावला आल्या आणि पावणेसात वाजता हरिभाऊंच्या हातातून दोर घेऊन स्वतः घंटा देऊ लागल्या. समोरच्या टॉवरमध्ये एकेक दिवा लागला. कुणीतरी गॅलरीतून ओरडलं. त्या थांबल्या नाहीत.

पर्समध्ये फोन वाजला. हरिभाऊंनी तो काढून त्यांच्या कानाशी धरला. ज्युली होती.

“टीचर, शाळा नाय ना आज?”

“नाही, ज्युलीबाय.”

“होडीपन बांधलीय. मग घंटा कोनासाठी?”

दोर टीचरांच्या हातातच राहिला आणि घंटा थांबली. पलीकडे फोन कुणीतरी ओढून घेतल्याचा आवाज आला.

“टीचर,” जुलियाना म्हणाली, “थांबू नका. अजून धुकं आहे.”