कललेली ज्योत

२०१९ सालच्या हिवाळ्यात उमाने गच्चीवरून आणलेलं दुपटं सासूबाईंच्या मांडीवर टाकलं. एमआयडीसीतल्या भट्ट्यांची काजळी त्यावर बसली होती.

"धुतलेलं आहे हे, आत्याबाई. खरं वाटतंय का?"

"मंग! भार्गवीच्या अंगावर पुरळ उगंच न्हाई उठलं," कौसल्याबाई नातीला थोपटत म्हणाल्या.

काजळी आत येऊ नये म्हणून उमाच्या नवऱ्याने, केशवने, खिडक्या, अगदी न्हाणीघराचा झरोकासुद्धा, दिवाळीतच चिकटपट्टीने बंद केल्या होत्या. आता बायकोसाठी तो कपडे वाळवायचं मशीन घ्यायला निघाला. मस्तगड भागातल्या दुकानात दोन प्रकार होते. व्हेंटेड, म्हणजे ओली हवा पाइपने घराबाहेर फेकणारं. आणि कंडेन्सर, त्याच ओलीचं पाणी करून टाकीत साठवणारं.

"टाकीवालंच घ्या," उमा म्हणाली. "तुळशीला तरी होईल. आपल्या नळाचा काय भरवसा?"

केशव हसला. "तुळशीसाठी ओल घरात कोंडून घेऊ का? बाहेर गेलेली बरी."

पाइपवालं आलं. भिंतीला भोक पाडून पाइप सिमेंटने पक्का केला. दुपटी पांढरी निघू लागली. उमा त्यांचा वास घेत बसे.

भोगीच्या सकाळी मशीन घुमत होतं. उमा अंगाला तीळ लावून डोक्यावरून न्हायला गेली. आत गॅसचा गिझर पेटला. कौसल्याबाई देवापुढे बसल्या, तर समईची ज्योत मशीनच्या खोलीकडे कललेली.

"केशव, वारा कुठून येऊन राह्यला रे?"

"वारा कुठला, आई? सगळं बंद आहे."

"मंग ही ज्योत कोण ओढून राह्यलं?"

केशव ज्योतीकडे पाहत राहिला. मशीन घरातली हवा बाहेर फेकत होतं. आत यायला हवेला वाट नव्हती. आणि गिझर पेटलेला होता, त्याचा विषारी वायू आतच कोंडत होता. न्हाणीघरात पाणी पडत होतं. बांगड्यांचा आवाज मात्र नव्हता.

"उमा?"

त्याने दाराला खांदा दिला.

उमा वाचली. मशीन भंगारात गेलं. कौसल्याबाई पुढे काही वर्षांनी गेल्या. शेवटपर्यंत ज्योत सरळ आहे ना, हे पाहूनच त्या कुणाला आंघोळीला जाऊ देत. भार्गवी शाळेत जाते, गच्चीवर वाळलेला करडा सदरा घालून. न्हाणीघराला दार पुन्हा बसवलं नाही, पडदा आहे. उमा आत गेली की केशव बाहेर उभा राहून तिला वस्तूंची नावं विचारतो. तांब्या, साबण, बादली, ती सांगत जाते. त्या भोगीपासून एखाद्या दिवशी तिला साधासा शब्द सापडत नाही. तेव्हा पडद्याला हात लावून तो थांबतो.