कुंपणाशी उभी असलेली गाडी

रेमीच्या पिकअपखालून ओव्हिद सरपटत बाहेर आला, गुडघ्यावर हात टेकून उठला आणि म्हणाला, "आता मागे घे. हळू."

रेमीने गिअर टाकला. गाडी कुरकुर न करता मागे गेली, पुढे आली.

"पॅरन, तुमच्यासारखा हात बायूच्या या सगळ्या दलदलीत नाही," रेमी म्हणाला. बाप्तिस्म्याच्या वेळी ओव्हिदने त्याला हातात धरलं होतं, म्हणून तो त्याचा पॅरन, मानलेला बाप. रेमीला आता स्वतःची पोरं होती. पण काम अडलं की ही हाक हमखास यायची आणि ओव्हिद हमखास विरघळायचा.

पूर ओसरल्यापासून ओव्हिदच्या अंगणात गाड्यांची रांग होती. सगळ्यांचं दुखणं एकच, ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये पाणी. पाणी शिरलं की लाल तेल गुलाबी होतं, स्ट्रॉबेरीच्या दुधासारखं. ते लगेच काढून आतून धुतलं तर गाडी वाचते. राहू दिलं तर क्लच प्लेटचं लायनिंग सुटतं आणि गाडी जागची हलत नाही. हे तो प्रत्येकाला बजावत होता आणि त्याची स्वतःची गाडी कुंपणाशी तशीच उभी होती. रेमीची आई ओसरीच्या छपरावर अडकली तेव्हा बोट पाण्यात सोडायला ओव्हिदनेच ती गाडी दारं बुडेपर्यंत पुरात घातली होती.

"आधी आपली उघड. एकदा तरी," बायको ओडील त्याच दिवशी म्हणाली होती. तो हो म्हणाला. तेवढ्यात फाटकातून कोणीतरी हाक मारली.

ओल्या घरात तिचा खोकला वाढला आणि ती बहिणीकडे मनरोला गेली. जाताना एवढंच म्हणाली, "घर वाळलं की रविवारी न्यायला ये. तू ये. नाही आलास तर मी तिथेच राहीन." तिचा बाप वारला तेव्हा हा माणूस कोणाचा तरी गिअरबॉक्स बसवून, दफन आटोपल्यावर पोचला होता. ती ते कधी बोलून दाखवत नसे, पण विसरलीही नव्हती.

आज तो रविवार. सकाळीच ओव्हिदने दाढी केली, गाडीच्या ओलसर सीटवर ओडीलसाठी पांढरा टॉवेल अंथरला. तेल बदललं की निघायचं. तर रेमी हजर. "पाच मिनिटांचं काम आहे, पॅरन." त्या पाच मिनिटांत दुपार झाली.

रेमी पिकअपला बोट जोडत होता तेव्हा ओव्हिद स्वतःच्या गाडीखाली शिरला. गिअरबॉक्सचं चेंबर खोलल्यावर गुलाबी पाणी आलं आणि त्यामागून तपकिरी लगदा. त्याने तो बोटांत चोळला. लायनिंग भिजल्या कागदासारखं सुटून आलं होतं. आणखी काही बघायची गरज नव्हती.

"रेमी, मला मनरोला नेशील? ओडीलला आणायचंय."

"आज कसं जमेल, पॅरन? कोळंबी धरायला जायचंय, माणसं खोळंबलीत. पुढच्या रविवारी नक्की."

"मग गाडी दे फक्त."

"आणि बोट काय डोक्यावर नेऊ?" रेमी हसला. आईने पाठवलेलं गरम बूदँ, भात भरलेलं सॉसेज, त्याने ओव्हिदच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवलं आणि निघाला. गिअर कसे लोण्यासारखे पडत होते ते ओव्हिद ऐकत राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला आपल्या हातांचा राग आला.

त्याने फोन लावला.

"निघालास?" ओडीलने विचारलं.

"गाडी गेली. पाणी आत राहिलं फार दिवस."

"आणि बाकीच्यांच्या?"

"चालू झाल्या."

"चांगलं झालं," ती म्हणाली. चिडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"मी बसने येतो," तो म्हणाला. "उद्याच."

"नको. बहिणीने कपाटाचे दोन कप्पे रिकामे करून दिलेत. मघाशीच कपडे लावले मी."

"मघाशी? मी फोन करायच्या आधी?"

"हो," ती म्हणाली. "जेवून घे काहीतरी."

फोन बंद झाला. फाटकाशी एक चिखलाने माखलेली पिकअप येऊन थांबली. काच खाली करून कोणीतरी म्हणालं, "ओव्हिद, जरा बघतोस का? तूच बघ बाबा, दुसऱ्या कोणाला जमायचं नाही."

ओव्हिदने स्वतःच्या गाडीचं दार उघडलं. सीटवरचा पांढरा टॉवेल उचलून त्याला दोन्ही हात पुसले, कोपरापर्यंत.

"आण इकडे," तो म्हणाला.