फाटक्या आवाजाची दुरुस्ती

मी अ‍ॅम्प्लिफायर बोलतोय. गिटारला वायरीने जोडतात तो जड, काळा डबा. आमच्या रिहे गावात मला सगळे ‘किशोरचं मशिन’ म्हणतात. किशोर जाऊन वर्ष उलटलं, तरी म्हणतात.

बावधनच्या एका फ्लॅटमधून त्याने मला सेकंडहँड घेतलं. माझ्या स्पीकरच्या कागदाला तेव्हाच एक चीर होती. त्याने ती चिकटवली नाही. गेनचं बटण चढवून, मधले सूर पुढे आणून तो लीड, म्हणजे गाण्यातली गिटारची मुख्य धून, वाजवायचा, तेव्हा वरचा सूर त्या चिरेतून खरखरत निघायचा. रडून घसा बसलेल्या माणसासारखा. बँडमधली दिशा म्हणायची, "हा टोन विकत मिळत नाही."

त्याच्या वडिलांना, गेणबांना, हे पटेना. भातशेतीतला माणूस; त्यांच्या लेखी फाटकं ते फाटकंच. दारातून हाक यायची, "किशोर, कमी कर रं, शेजारी हायेत. आन त्यो फाटका आवाज नीट करून घे."

"आबा, फाटकाच पायजे," तो हसायचा. आबांना वाटायचं, पोराला खर्च परवडत नसेल.

मग भुकूमजवळ त्याची मोटारसायकल घसरली आणि तो घरी आलाच नाही.

वर्षश्राद्धाला दिशा त्याच्याच गिटारवर त्याचं लीड वाजवणार होती. आबांनी मनाशी धरलं, पोराच्या हयातीत राहून गेलं ते आता करायचं. टेम्पोत घालून मला पौडला नेलं. तिथला बहिरू मिस्त्री भजनी मंडळांचे माईक दुरुस्त करतो. नाव बहिरू, पण कान तिखट. त्याने चीर पाहिली आणि सरळ नवा स्पीकर बसवला. मला ओरडायचं होतं, पण वायर जोडल्याशिवाय मला कुठली वाचा! निघताना आबांनी जुना स्पीकर मागून घेतला. पाण्याची मोटर असो की मिक्सर, इकडचा माणूस जुना पार्ट हातात पडल्याशिवाय दुकान सोडत नाही.

श्राद्धाचं जेवण उरकलं. दिशा वाजवू लागली. बटणं किशोरच्याच खुणांवर होती. आवाज भरदार आला, पण कुणाचाही असावा तसा. मला माझीच लाज वाटली.

दिशाने कळू दिलं नाही. "छान झालंय, आबा."

आबा माझ्याकडे बघत राहिले. "छान हाय. पर ह्यो किशोर न्हाई."

ते आत गेले आणि पोत्यात ठेवलेला जुना स्पीकर घेऊन आले. दोघांनी मिळून तो परत बसवला, तोवर दिवेलागण झाली. गिटार मला टेकवून ठेवली होती. दिशाने मला चालू केलं. मी तापलो, आणि कुणी हात न लावता तार वाजू लागली. एकच लांब सूर, चिरेतून खरखरत.

पाहुणे उठून उभे राहिले. यात भूतबीत काही नसतं. माझ्या आवाजाने तार हलते, तिचा सूर माझ्यात येतो आणि पुन्हा तिला हलवतो. हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी खरं सांगतो, त्या संध्याकाळी तो सूर मी काढत नव्हतो.

शेजारची रंभाबाई दारात आली. दिशाने घाईने बटणाकडे हात नेला. आबांनी तो धरला.

"कमी नगं करू," ते म्हणाले. "शेजाऱ्यांना सांग, किशोर आलाय."

तेव्हापासून आबा रोज दिवेलागणीला मला चालू करतात, गिटार टेकवतात आणि समोर बसतात. कधी तार बोलते, कधी नाही. रिह्याला आलात तर ऐकायला जरूर या. फक्त मला दुरुस्त करू नका.