आधी कान दाखवा

शिट्टी माझ्या ओठांत होती आणि मी ती वाजवत नव्हते. समोर दहा पोरी पालथ्या पडून, रायफलीचा दस्ता खांद्याला लावून माझ्याकडे कान देऊन होत्या. मागे मंडपात साहेब खुर्चीतून उठले.

"बाई, फायर द्या ना! कशासाठी खोळंबलात?"

"चार नंबरच्या पोरीचे कान उघडे आहेत."

"उघडे कुठे? कानांवर नवे इअरमफ घातलेत की सगळ्यांनी!"

घातले होते, नाही कोण म्हणतंय? चांगले जाडजूड, काळेभोर, फोटोत झकास दिसतील असे. पण चार नंबरला जाड भिंगांचा चष्मा. चष्म्याची काडी मफच्या गादीखाली गेलेली, मागून अंबाड्याने पट्टा वर ढकललेला, आणि गाल दस्त्याला टेकवला की मफची खालची कड लाकडावर आपटून वर उचलली जायची. मी खाली बसले आणि त्या फटीत बोट घातलं. सरळ कानापर्यंत गेलं.

मग मी शिट्टी वाजवली, पण थांबायची. लांब एक. "रायफली खाली! उठा सगळ्या!"

साहेबांच्या नाकाचा शेंडा लाल झाला. व्हायचा तो होऊ दे.

सुरक्षारक्षकांच्या या प्रशिक्षण केंद्रात मी सव्वीस वर्षं गोळीबार शिकवते आहे. पोरी मला पाठीमागे तोफबाई म्हणतात. मला ठाऊक आहे, आणि मला ते आवडतं. माझा आवाज मोठा आहे. लोकांना वाटतं, बाई तापट आहे. तापट आहेच, पण सगळा आवाज काही रागाचा नाही. तो कशाचा आहे हे त्या दिवसापर्यंत मी कुणाला सांगितलं नव्हतं.

आदल्या दिवशी ही चार नंबर सराव संपल्यावर माझ्यासमोर येऊन उभी राहिली. काडीपैलवान पोरगी, पण हात दगडासारखा स्थिर.

"मॅडम, कानात शिट्टी वाजतेय. परवापासून."

या तक्रारीचं उत्तर माझ्याकडे तयार असतं. 'दोन दिवसांत जाते गं, कान तयार होतो.' माझ्या उस्तादांनी मला हेच सांगितलं आणि मी बॅचमागून बॅच हेच सांगत आले. पण ते ओठावर यायच्या आधीच पोरीने खिशातून दोन रिकाम्या पुंगळ्या काढल्या. झाडलेल्या गोळीची उरते ना, ती पितळी पुंगळी.

"मफ नीट बसत नाही म्हणून मी आतून ह्यापण घातल्या होत्या. ताईने सांगितलं होतं. ती तुमच्या बॅचची आहे ना, सातव्या."

कानात पुंगळ्या खोचायचं आमच्याकडचं जुनं शास्त्र. पितळ म्हणजे मजबूत, कानात घट्ट बसतं, बस्स. सातव्या बॅचला ते कोणी शिकवलं? मीच. स्वतःच्या कानात घालून दाखवून. कापूस कोंबणारीला मी भित्री म्हणायची. आता कापूसही निरुपयोगी आणि पुंगळीही, पण निदान कापसाने कोणी शौर्य मिरवलं नाही.

"ताई कशी आहे?" मी विचारलं.

"बरी आहे. फोनवर बोलत नाही हल्ली. म्हणते, मेसेज कर."

मी त्या पुंगळ्या तिच्या हातातून घेतल्या, खिशात टाकल्या आणि आत गेले. माझ्या डाव्या कानातली शिट्टी एकोणीस वर्षं वाजते आहे. दोन दिवसांत जाते म्हणे! दुखणं हत्तीच्या पावलाने येतं म्हणतात. हे मेलं मुंगीच्या पावलाने आलं आणि बिऱ्हाड करून राहिलं.

तर म्हणून मी सराव थांबवला. अर्ध्या तासात साहेबांच्या खोलीत बोलावणं आलं. टेबलावर एक कागद होता. 'नवीन इअरमफ प्रत्यक्ष वापरून पाहिले. योग्य आहेत.' खाली माझी सही हवी होती.

"बाई, तीन नमुने आले होते. मी स्वतः बसून निवडलेत. घालून टाळ्या वाजवून बघितल्या. काही म्हणता काही ऐकू आलं नाही. आणि किती आवाज अडतो तो डब्यावरचा आकडा बघा, तिन्हींत सगळ्यात मोठा."

"टाळी आणि गोळी सारखी असती तर बंदुका कशाला विकत घेतल्या असत्या, साहेब? आणि तो आकडा कान पूर्ण झाकला तरच खरा. तुम्ही खुर्चीत बसून घातलेत. दस्त्याला गाल लावून बघा, चष्मा घालून बघा, अंबाडा बांधून बघा."

"अंबाडा?" साहेबांनी टकलावरून हात फिरवला. माणूस वाईट नाही. नुसता घाईत असतो. "बाई, एक सांगा. सव्वीस वर्षं तुम्ही उघड्या कानांनी त्या मैदानावर उभ्या आहात. दरवर्षी तुमची तपासणी होते. दरवर्षी शेरा एकच, श्रवण उत्तम. तुम्हाला काही झालं नाही आणि ह्या पोरींना मफ घालूनही होणार?"

चोराच्या मनात चांदणं. मी खाली बघितलं.

कारण तो शेरा खोटा होता. तपासणीच्या खोलीत तंत्रज्ञ समोर बसायचा आणि बटण दाबायचा. मला आवाज येवो न येवो, त्याचा अंगठा दिसायचा. अंगठा वाकला की मी हात वर करायची. नेमबाजाची नजर आहे माझी, अंगठा चुकतोय होय! नियम साधा आहे, कान गेला की मैदान गेलं. आणि मैदानाशिवाय मी कोण? तर शिंप्याची बायको.

"सही करत नाही," एवढंच म्हणून मी उठले.

घरी आले तेव्हा हे शिवणयंत्रावर वाकून कुणाच्या तरी सदऱ्याची कॉलर बसवत होते. आमचे हे इतके हळू बोलतात की त्यांच्या तोंडून शिवी निघाली तरी ती आशीर्वादासारखी वाटावी. मी चहा ठेवला आणि चार नंबरच्या चष्म्याचं, सहीचं सगळं सांगितलं. पूर्वी यंत्र चालवताना हे काहीतरी गुणगुणायचे. ते कधी बंद झालं मला आठवत नाही. मी त्यांच्या समोर स्टुलावर बसले, तसे ते उठले, आपली खुर्ची उचलून माझ्या उजव्या हाताला आणून ठेवली आणि बसले.

ते रोजच असं करतात. त्या दिवशी मला पहिल्यांदा ते दिसलं.

"अहो, तुम्ही कायम ह्याच बाजूला का बसता?"

"तुला ऐकू येतं ती बाजू आहे ना ही."

"कधीपासून माहीत आहे?"

"झाली की सतरा-अठरा वर्षं." त्यांनी दाताने दोरा तोडला. "तू सांगत नव्हतीस, मग मीही विचारलं नाही. म्हटलं, बाईला शान प्यारी आहे."

"आणि गुणगुणायचं का सोडलंत?"

"सोडलं कुठे? रोज गुणगुणतो की."

मला रडू आलं. लपवायचं काय त्यात, आलं. मग रागही आला, आणि राग मला जास्त मानवतो. मी चहा तसाच ठेवून म्हटलं, "उद्या मी मैदान घालवून येणार आहे."

"घालव," हे म्हणाले. "पण त्या पोरीचा चष्मा सांभाळ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांच्या दारात उभी राहिले. "साहेब, हातच्या काकणाला आरसा कशाला? माझे कान तपासा. आत्ता, तुमच्यासमोर. फक्त या वेळी माझी खुर्ची उलटी ठेवा, तोंड भिंतीकडे करून."

साहेबांना काही कळेना, पण डॉक्टरांना बोलावून तपासणीच्या खोलीत आले. मी भिंतीकडे तोंड करून बसले. समोर चुना आणि एक खिळा. बाकी काही नाही. मी वाट बघत होते. कानातली आपली शिट्टी तेवढी वाजत होती. बराच वेळ गेल्यावर मला वाटलं, अजून सुरूच केलं नाही वाटतं, आणि मी विचारलं, "सुरू करताय ना?"

डॉक्टर माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "डावा संपला, बाई. उजवा निम्मा झालाय." त्यांनी आलेख दाखवला. रेघ सुरुवातीला बरी चालत होती, मग एकदम दरीत पडली होती. "कानाच्या आत केसांसारखं नाजूक काहीतरी असतं. मोठ्या आवाजाने ते आडवं होतं. सुरुवातीला सावरतं, मग कायमचं आडवं. परत उगवत नाही."

"म्हणजे कान तयार होत नाही," मी म्हटलं.

"छे! कान तयार होत नाही. तो मरतो आणि आपल्याला सवय होते."

साहेबांनी आलेखाची घडी घातली, पुन्हा उघडली. डॉक्टर गेल्यावर खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "बाई, निवृत्तीला आठ महिने राहिलेत तुमच्या. हा कागद मी फायलीत खाली ठेवतो. तुम्ही मैदानावरच राहा. तो दुसरा कागद तेवढा सही करून द्या, म्हणजे दोघांचंही भागेल."

प्रेमानेच म्हणाले. म्हणून जास्त झोंबलं.

"कागद वर ठेवा, साहेब. फायलीत सगळ्यात वर. खोटा शेरा मी मिळवला, त्याची शिक्षा मी घेते. पण 'बाईंना काय झालं' हे यापुढे कुणाला म्हणता येणार नाही. आता नमुने घेऊन मैदानावर चला."

गेलो. तीनही नमुने मांडले. दहाही पोरींना रिकाम्या रायफली घेऊन पालथं पडायला लावलं, आणि एकेकीच्या गादीभोवती बोट फिरवलं. साहेबांच्या आवडत्या मफने सहाजणींना दगा दिला. पातळ कपांचा, दिसायला भिकार नमुना फक्त चार नंबरच्या चष्म्यापाशी अडला. म्हणून आतून स्पंजाचे बोळे द्यायचे ठरवले, सगळ्यांनाच. बोळा चिमटीत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचा. वरून पातळ मफ. चष्म्याच्या काड्याही बारीक करून घ्यायला सांगितल्या.

"पण मग हुकूम कसे ऐकू जाणार?" साहेब म्हणाले.

"पोरींना डोळे आहेत ना? पाट्या करा. हिरवी, लाल. आणि खांद्यावर हात."

मग मी त्या दोन पुंगळ्या खिशातून काढून सगळ्यांना दाखवल्या. "ह्या कानात घालायला मी शिकवलं. पाच-सातशे पोरींना शिकवलं. ते चूक होतं. तुमच्या ताया, मावश्या, कुणी माझ्या हाताखालून गेली असेल, तर तिला सांगा की बाई चुकली, आणि कान तपासून घे." चार नंबरने मान खाली घातली. मी नाही घातली. चूक कबूल करायची तर ताठ उभं राहून करावी.

नियमाप्रमाणे मैदान गेलं. मला शस्त्रभांडाराच्या खिडकीत बसवलं. ज्या माझ्याच बाराव्या बॅचच्या पोरीने मैदान घेतलं, तिला मी पहिल्याच दिवशी दोनदा झापलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. ह्यांनी बोळ्यांच्या जोड्यांना निळे दोरे शिवून दिले, म्हणजे मातीत हरवणार नाहीत. माझा नियम एकच आहे: आधी कान दाखवा, मग गोळ्या. पोरी रांगेने येतात, खिडकीत डोकं वाकवतात, मी बोट फिरवते. चार नंबरची शिट्टी दहा दिवसांनी थांबली. तिच्या ताईची थांबली नाही. ती एकदा येऊन खिडकीपाशी बसून गेली. आम्ही दोघी मोठमोठ्याने बोललो आणि सगळं केंद्र ऐकत राहिलं.

परवा वरून कोणी मोठे अधिकारी पाहणीला आले. साहेब त्यांना घेऊन खिडकीशी आले. "बाई, पाहुणे दहा राउंड झाडतील. द्या लवकर."

"कान दाखवा."

"अहो बाई, दहाच तर आहेत."

मी गोळ्यांच्या खोक्यावर हात ठेवला आणि बघत राहिले. पाहुणे हसले, मग हसायचे थांबले. मागे पोरींची रांग उभी होती, तीही बघत होती. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, सुस्कारा टाकला आणि आधी स्वतःच निळ्या दोऱ्याचे बोळे उचलले. वळून, कान वर ओढून, नीट घातले. वरून मफ चढवला आणि टकलासकट डोकं खिडकीत वाकवलं. पाहुण्यांनाही मग तेच करावं लागलं. मी दोघांच्याही गादीभोवती बोट फिरवलं. कुठे फट नव्हती.

मी खोकं पुढे सरकवलं.

ते मैदानाकडे गेले. मी खिडकीतल्या लाकडी फळीवर दोन्ही तळहात पसरून ठेवले. फळी थरथरली की एक. मी मोजल्या. दहाच्या दहा.