आडवे तीन कॅरेट

तेजलने चपला काढल्या, मागच्या फाळक्यावरून हौद्यात उडी मारली आणि नव्या पिकअपच्या उघड्या पत्र्यावर दोन्ही पाय आपटले. धाडधाड आवाज थेट द्वारका चौकापर्यंत गेला असावा.

"ऐकलंत, झुंबरभाऊ? जुन्या गाडीत असाच पत्रा होता. निफाडहून निघालेली द्राक्षं बाजारात येईपर्यंत नाचायची. मणी गळायचे नुसते!"

"ऐकलं ताई. आख्ख्या लाइनीनं ऐकलं," झुंबरभाऊ हसले.

त्यांच्या दुकानात हौद्याला लावायचं सगळं मिळे. जाड रबरी मॅट होती, फवाऱ्याने मारायचा खरखरीत रंग होता, आणि तळासकट बाजूही झाकणारा काळा प्लास्टिकचा टब होता.

गाडी घेतली त्याच दिवशी सहादूने लेकीला सांगितलं होतं, "हौद्याचं तू बघ." दहावीतल्या तेजलवर घरातलं एवढं मोठं काम पहिल्यांदाच सोपवलं गेलं होतं. आठवडाभर ती मोबाईलवर व्हिडिओ पाहत होती. निम्म्या वर्गालाही ते पाठ झाले होते.

"टब," ती म्हणाली. "बाजू पण झाकल्या जातात. आणि दिसायला काय कडक आहे!"

सहादूने टबाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"तुझ्या मनानं हाय ना?"

"शंभर टक्के, पप्पा!"

दोघा कामगारांनी टब हौद्यात बसवला. तेजलने फोटो काढून लगेच मैत्रिणींना पाठवला. मग दुकानापाशी पडलेले द्राक्षांचे रिकामे प्लास्टिकचे कॅरेट पाहून तिला राहवेना. हौद्याच्या रुंदीत असे तीन आडवे बसायला हवे होते. एक कॅरेट आडवा ठेवला. त्याला चिकटून दुसरा. तिसरा मात्र बसेना. तिने गुडघ्याने रेटला, तो तिरका होऊन अडकला. टबाच्या जाड, उतरत्या भिंतींनी दोन्हीकडून चार-चार बोटं जागा खाल्ली होती.



"फिरवून लावा की," झुंबरभाऊ म्हणाले.

"मग बाजूला फट राहती," सहादू हळूच म्हणाला. "माल हलतो."

तेजलचे कान तापले. हातातला मोबाईल टिंगटिंग वाजत होता. फोटोला बदाम येत होते. ती गप्प राहिली असती तर पप्पांनी हाच टब घरी नेला असता. लेकीचा शब्द त्यांनी चारचौघांत मोडला नसता. म्हणून तर ते मुद्दाम रस्त्याकडे बघत उभे होते.

"पप्पा, माझं चुकलं," ती मोठ्याने म्हणाली. "मी हौदा मोजला, टब मोजलाच नाही. काढा भाऊ. खाली रबर टाका आणि बाजूंना तो रंग मारा."

"आता नक्की ना ताई? नाहीतर अजून एक फोटो काढाल."

तिने मॅट जमिनीवर पसरून घेतली, तिच्यावर कॅरेट ठेवला आणि ओढून पाहिला. तो जागचा हलेना.

"आता नक्की."

सहादू वळसा घालून गाडीच्या मागे आला. खाली सोडलेल्या फाळक्यावर त्याने थाप मारली.

"आन् याचं काय करायचं गं? हा बी कॅरेटला घासतो आतून."

उत्तर तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. तिने ओठ मिटले.

"झुंबरभाऊ, मोजायची टेप द्या जरा."

टेपचं एक टोक धरून ती फाळक्याशी वाकली. दुसरं टोक सहादूने धरलं.