मला न दिसलेला लहान आकडा

मित्रांनो, मी एक जुनं भिंग आहे. तुमच्या अंगठ्याच्या नखाहून जरासं मोठं. पितळी कड्यात बसवलेलं आणि काम नसलं की घडी होऊन पितळी टोपणात शिरणारं. माझ्यातून पाहिलं की वस्तू दसपट मोठी दिसते. राईचा पर्वत करणं लोकांमध्ये वाईट समजतात, माझा तर तो पोटापाण्याचा धंदा. पण एकदा पर्वताएवढी गोष्ट माझ्यासमोर आली आणि मला तिची राईसुद्धा दाखवता आली नाही. तेवढंच सांगायचं आहे. बाकीचं माझं आयुष्य चांगलं गेलं.

चष्म्याच्या काचा घासणाऱ्या एका कारागिराच्या खोलीत मी घडलो. आधी जाड वाळूवर, मग बारीक भुकटीवर, मग नुसत्या ओल्या फडक्यावर त्याने मला दिवसचे दिवस घासलं. शेवटी माझ्यावर फुंकर घातली, खिडकीशी धरलं आणि म्हणाला, "झालास बाबा एकदाचा." माझं पहिलं कौतुक ते.

मला विकत घेतलं ते नाण्यांच्या पारख्यांनी. तेव्हा ते ऐन पंचविशीत होते आणि नुकतंच लग्न झालं होतं. बायको बरोबर होती. तिने माझ्यातून पहिल्यांदा काय पाहिलं असेल? नवऱ्याचा अंगठा. "अगं बाई, नखात केवढी ही माती!" म्हणून ती हसत सुटली. पारखी लाजले आणि भाव न करताच त्यांनी मला खिशात टाकलं.

पारख्यांचं दुकान म्हणजे एका लांब बोळाच्या टोकाची अरुंद खोली. एक खिडकी, तिच्याशी टेबल, टेबलावर हिरवं जाड कापड आणि भिंतभर छोटे छोटे खण. खणात कागदी पाकिटं. प्रत्येक पाकिटात एक नाणं किंवा एक नोट आणि वर पेन्सिलीने लिहिलेलं: देश, राजा, साल. कोण कुठल्या देशाची नाणी घेऊन येई. कोणाला आजोबांच्या पेटीत सापडलेली, कोणाला जुन्या कोटाच्या अस्तरात. सगळ्यांचा प्रश्न एकच, "हे कुठलं आणि कधीचं?"

पारखी आधी नाणं तराजूत घालत. मग कडेवरच्या रेघा बघत. मग मला डोळ्याला लावत आणि नाणं खिडकीच्या उजेडात तिरपं तिरपं फिरवत. सरळ धरलं की झिजलेलं अक्षर दिसत नाही, तिरपं धरलं की सावली पडते आणि अक्षर उठून येतं. नोटेवर साल नसलं तर ते सही बघत. कोणता अधिकारी कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत सह्या करत होता, हे त्यांना तोंडपाठ होतं. एकदा एक गृहस्थ हजार वर्षांपूर्वीचं म्हणून एक नाणं रेशमी रुमालात बांधून घेऊन आले. पारख्यांनी बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "हे जत्रेतल्या पाळण्याचं टोकन आहे. यावर एक फेरी मिळायची." गृहस्थांचं तोंड पाहण्यासारखं झालं. अशा वेळी मला हसू आवरत नसे, पण काचेने हसायचं कसं?

दुकानाचा एक नियम होता. नाणं पुसायचं नाही, भिंग पुसायचं. नाण्यावरचा मळ त्याच्या वयाचा असतो, तो घासला की नाणं चकचकीत होतं आणि मुकं होतं. भिंगावरचा मळ मात्र आजचा असतो. रोज सकाळी पारख्यांची बायको जुन्या मऊ सुती कापडाने मला पुसायची. "आधी डोळा पुसा, मग नजर टाका," असं ती रोज म्हणायची आणि पारखी रोज "हो गं" म्हणायचे. असं एकोणचाळीस वर्षं चाललं.

मग ती गेली. तीन दिवसांच्या तापाने गेली. पारखी आठवडाभराने दुकानात आले, टेबलाशी बसले आणि मला तसेच डोळ्याला लावून कामाला लागले. पुसायचं सुचलंच नाही. त्यांना वाईट म्हणू नका. पुसायला घेतलं असतं तर ती आठवली असती. ते डबा टेबलावरच खाऊ लागले, बोटं कागदाला पुसू लागले आणि त्याच बोटांनी मला उचलू लागले. माझ्यावर तेलकट पापुद्रा चढला. काम पूर्वीसारखं चालू राहिलं, कारण निम्मं त्यांना पाठच होतं.

दोन वर्षांनी एका दुपारी एक बाई आल्या. साठीच्या, उंच, गळ्यात मोजपट्टी तशीच राहिलेली. शिवणकाम करणाऱ्या होत्या. त्यांनी पर्समधून पिवळा पडलेला कागदाचा पुडा काढला. त्यावर एकच शब्द लिहिलेला होता, 'बटणला'.

"बटण म्हणजे मीच," त्या म्हणाल्या. "लहानपणी मी कोटाचं बटण गिळलं होतं. तेव्हापासून दादा मला बटणच म्हणायचा. हे अक्षर त्याचं आहे."

दादा जहाजावर नोकरीला गेला होता. जाताना म्हणाला होता, परदेशातून तुला चांदीचं बटण आणतो. दोन वर्षांनी जहाज बुडाल्याचं पत्र आलं. बुडालेल्यांच्या यादीत दादाचं नाव होतं. या गोष्टीला अडतीस वर्षं झाली होती. आणि आता, गेल्या महिन्यात, बाईंच्या घराखालचा म्हातारा वाणी वारला. मुलांनी त्याचा गल्ला आवरला तेव्हा तळाशी हा पुडा निघाला. कोणीतरी खलाशी कधीतरी देऊन गेला असणार आणि वाणी विसरला असणार. पुड्यात एक चांदीचं नाणं होतं.

"कधी देऊन गेला ते सांगायला आता कोणी नाही," बाई म्हणाल्या. "पण नाण्यावर साल असतं ना? जहाज बुडाल्यानंतरचं असेल, तर माझा दादा बुडाला नव्हता. तेवढं सांगा."

मित्रांनो, त्यांच्या या प्रश्नावर एक अख्खं घर उभं होतं. त्या जुन्या इमारतीत त्या एकट्याच भाडेकरू उरल्या होत्या. मालक मागे लागला होता, दुसऱ्या शहरातली मुलगी 'चल ना माझ्याकडे' म्हणून रडत होती. बाई हटत नव्हत्या. दादाला हाच पत्ता ठाऊक होता.

पारख्यांनी मला डोळ्याला लावलं. नाणं ज्या देशाचं होतं, तिथली रीत वेगळी. खाली मोठ्या आकड्यात असतं ते राजा गादीवर बसला ते साल. ते दर वर्षी तसंच छापतात. वर वेलबुट्टीत एक लहान आकडा असतो, तो सांगतो की राज्याचं कितवं वर्ष चालू आहे. दोन्हींची बेरीज करून एक वजा केला की खरं साल कळतं. पारख्यांनी हे कितीतरी जणांना शिकवलं होतं. पण त्या दिवशी वरच्या बाजूला नाण्याचा मळ होता आणि माझ्या त्याच बाजूला तेलाचा ठिपका. लोक म्हणतात, डोळ्यांत तेल घालून बघावं. माझ्या डोळ्यात खरोखरच तेल होतं आणि म्हणूनच आकड्याच्या जागी फूल दिसलं.

पारख्यांनी नाणं तिरपंही केलं नाही. डबा उघडाच होता, भात गार होत होता.

"बुडण्याच्या वीस वर्षं आधीचं आहे," ते म्हणाले. मग डबा जवळ ओढत त्यांनी पुढे जोडलं, "म्हणजे जहाजावर असतानाच कोणाजवळ तरी दिलेलं असणार."

हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. नाणं जुनं असलं म्हणून देणारा तेव्हाच मेला, असं थोडंच असतं? तुमच्या खिशात आज शंभर वर्षांचं नाणं असू शकतं. पण पारखी ते इतक्या सहज बोलले की बाईंना ते पटलं. त्या थोडा वेळ मोजपट्टीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"मग आता कशाला थांबायचं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. नाणं त्यांनी नेलं नाही. "तुमच्याकडेच राहू द्या. घरी ठेवलं तर रोज बघत बसेन."

पारख्यांनी नाणं पाकिटात घातलं आणि वर पेन्सिलीने बाईंचा पत्ता आणि चुकीचं साल लिहिलं.

चार महिन्यांनी एक शिक्षक अगदी तसंच नाणं घेऊन आले. त्यांचं कोरं करकरीत होतं. वर वेलबुट्टीत लहान आकडा स्वच्छ दिसत होता, अकरा. पारखी बघत राहिले. शिक्षकांना "उद्या या" म्हणाले, खण उघडला, बाईंचं पाकीट काढलं. मला उजेडात धरलं. माझ्यावरचं तेल त्यांना तेव्हा दिसलं. त्यांनी सदऱ्याच्या टोकाने मला पुसलं, दोन वर्षांत पहिल्यांदा, आणि नाणं तिरपं केलं.

चोवीस.

राज्याचं चोविसावं वर्ष. म्हणजे जहाज बुडाल्यानंतरचं तिसरं. पारख्यांनी तीनतीनदा बेरीज केली. नाणं ज्या वर्षी पाडलं, त्या वर्षी दादा जिवंत होता, कारण पुड्यावरचं अक्षर त्याचं होतं. माझ्यावर पाण्याचा थेंब पडला. पारख्यांचं नाक लाल झालं होतं.

ते तसेच उठून बाईंच्या पत्त्यावर गेले. तिथे इमारत नव्हती. विटांचा ढीग होता आणि मजूर तो ट्रकमध्ये भरत होते. बाई निघून गेल्या त्याच महिन्यात मालकाने पाडकाम सुरू केलं होतं. बाईंचं शिलाई मशीन मुलीकडे पोचवणाऱ्या दुरुस्तीवाल्याकडून पारख्यांनी मुलीचा पत्ता मिळवला आणि दुसऱ्या दिवशी आम्ही गाडीत बसलो. सबंध प्रवासात ते मला खिशातल्या खिशात अंगठ्याने पुसत होते.

बाई मुलीच्या घरात मशीनवर बसल्या होत्या. पारख्यांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मुलगी चिडली. "काका, कशाला आलात? चार महिन्यांत आत्ता कुठे ती नीट जेवायला लागलीय."

"थांब गं," बाई म्हणाल्या. त्यांनी मला डोळ्याला लावलं आणि स्वतः बघितलं. त्यांच्या पापण्या मला लागत होत्या.

"म्हणजे बुडाला नव्हता," त्या म्हणाल्या. मग नाणं पुन्हा तिरपं करत, "त्याला माझं चांदीचं बटण लक्षात होतं."

पारखी हात जोडून म्हणाले, "माझी चूक झाली, बाई."

"चूक झाली त्याचं नाही हो. तुम्ही 'कळत नाही' म्हणाला असतात, तरी मी थांबले असते." त्या रागावल्या नव्हत्या. राग आला असता तर बरं झालं असतं. "आता तो आलाच तर कुठे येईल? मी कुणापाशी पत्तासुद्धा ठेवला नाही. त्याच्या नावाने रडून मोकळी झाले मी."

मुलगी आईच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

पारख्यांनी त्यानंतर कोणाच्या नाण्याचं साल सांगितलं नाही. वर्षभरात दुकान बंद केलं आणि मला बाईंना देऊन टाकलं, सुई ओवायला म्हणून. तेव्हापासून मी त्यांच्या पर्समध्ये असतो. दर आठवड्याला त्या बसने त्या जुन्या जागी जातात. तिथे आता काचेच्या दाराची इमारत झाली आहे. दाराशी रखवालदार असतो आणि दर दोन-तीन महिन्यांनी नवा येतो. बाई प्रत्येकाला पत्त्याची चिठ्ठी देतात आणि विचारतात, "कोणी 'बटण' म्हणून विचारत आलं होतं का?" एका रखवालदाराला वाटलं, आजींचं काहीतरी हरवलंय. पुढच्या खेपेला त्याने फरशीवर सापडलेलं, जपून ठेवलेलं शर्टाचं बटण त्यांच्या हातावर ठेवलं. बाईंनी ते घेतलं. त्याला वाईट वाटू नये म्हणून म्हणाल्या, "हेच हो, हेच."

मित्रांनो, भिंग असो की चष्मा, रोज पुसत जा. पण पुसूनही कधी दिसलं नाही, आणि समोर कोणी श्वास रोखून उभं असलं, तर 'मला नीट दिसत नाही' एवढं म्हणायला लाजू नका. पारख्यांची ऐट घटकाभर कमी झाली असती, दुसरं काय? बाई खट्टू होऊन उठल्या असत्या, नाणं घेऊन घरी गेल्या असत्या, आणि मालकाला रोज 'नाही' म्हणत आज त्याच घरात दादाची वाट बघत बसल्या असत्या.